खोक्यावर एक लाख तास, उसात एक तासही नाही



आज खत-औषधावर नाही, बॅटरीवर लिहितोय. बॅटरी म्हणजे हातातली. किल्लीच्या जुडग्याला अडकवतात ती बारकी, आणि खिशात मावणारी चार्जिंगचीसुद्धा. कऱ्हाड, विटा, तासगाव, शिराळा, कुठल्याही बाजारात जा, ढीग लागलेला असतो. खोक्यावर छापलेलं असतं, ‘आयुष्य 1,00,000 तास’. माझं म्हणणं सरळ आहे. हा आकडा फसवणुकीचा आहे, आणि रात्री दारं धरणाऱ्याच्या जिवाशी खेळणारा आहे.

आधी हिशेब करू. 1,00,000 तास म्हणजे रात्रंदिवस चालू ठेवली तर 11 वर्षांच्या वर. रोज रात्री 3 तास वापरली तर 91 वर्षं. म्हणजे आज्यानं घेतलेली बॅटरी नातवाच्या हातात दिसायला पाहिजे. प्रत्यक्षात माळ्यावर दोन-चार बंद बॅटऱ्या पडलेल्या नाहीत असं एक घर दाखवा.

मग आकडा येतो कुठनं? एलईडीच्या नुसत्या दाण्यावरनं. चांगल्या कंपन्या दाण्याचं आयुष्य मोजतात ते त्याचा उजेड 70 टक्क्यांवर येईपर्यंत, आणि तेही करंट बेताचा आणि दाणा गार ठेवून. पण दाणा म्हणजे बॅटरी नव्हे. सेल, स्विच, चार्जिंगची पिन, आतली केसासारखी वायर, यातलं एक गेलं की सगळं गेलं. मोटरीचं बेअरिंग दहा वर्षं टिकतं म्हणून वायंडिंग जळायचं राहतं का?

जुडग्याची बॅटरी बघा. पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात. आत बटणासारखा सेल असतो. बऱ्याच स्वस्त मालात मधे रेझिस्टरसुद्धा नसतो. सेल नवा असताना दाण्यात जादा करंट घुसतो, दुकानात झगझगीत दिसतं आणि आपण पैसे काढतो. पुढं सेल दमतो आणि उजेड उतरतो. 2032 नंबरच्या बटण सेलची ताकद सुमारे 220 एमएएच. 20 मिलिअँपियरनं ओढलं तर कागदावर 11 तास. पण हा सेल थेंब थेंब खाणाऱ्या वस्तूंसाठी केलाय, जोरात ओढलं की तेवढंही देत नाही. आणि जे तास देतो, त्यातला पहिला तास आणि शेवटचा तास यांत जमीन-अस्मानाचा फरक.

आता चार्जिंगची. तिच्यातला 18650 सेल म्हणजे 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब. एवढ्या डबीत खरी ताकद मावते ती 3,500 एमएएचच्या आसपास. वर 9,900 छापलेलं दिसलं की समजा, लबाडी. 3,500 एमएएच म्हणजे 13 वॉट-तास. एका वॉटला 100 ते 150 लुमेन उजेड मिळतो. खोक्यावर 10,000 लुमेन लिहिलं असेल तर किमान 70 वॉट लागतील, आणि एक सेल दहा-अकरा मिनिटांत आटेल. त्याआधी हात भाजेल ते वेगळंच.

नावाजलेल्या मालातसुद्धा मेख आहे. बॅटऱ्यांच्या एफएल-1 नावाच्या मानकात ‘चालण्याचा वेळ’ मोजतात तो उजेड दहावा हिस्सा उरेपर्यंत. आणि ‘इतक्या मीटरवर उजेड’ म्हणजे त्या अंतरावर फक्त पौर्णिमेच्या चांदण्याइतका. उसात चांदणं पोचत नाही, हे मी सांगायला नको.

सगळ्यात वाईट म्हणजे आपला डोळा फसवतो. उजेड हळूहळू निम्म्यावर आला तरी डोळा सरावतो आणि बॅटरी बरी चाललीय असंच वाटतं. इकडं कृषी सहायक सांगतात पाचट जाळू नका, सरीत कुजवा. बरोबरच सांगतात, मीही तेच करतो. पण त्या पाचटात घोणस बसली तर पाचटासारखीच दिसते. स्वस्त एलईडीच्या निळसर उजेडात तांबडा रंग कमी असतो, त्यामुळं तपकिरीवर तपकिरी आणखी मिसळतं. मण्यार तर रात्रीचीच हिंडते. 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी 58,000 माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यात बहुतेक खेड्यातली, आणि निम्मी पावसाळ्यातली.

काही जण म्हणतील, खरं औषध म्हणजे दिवसा लाईट. शंभर टक्के मान्य. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ला आली ती त्याचसाठी. पण ज्याच्या फिडरवर आज रात्रीची पाळी आहे, त्यानं आज रात्री काय हातात धरायचं? दुसरे म्हणतील, मोबाईलचा उजेड बास होतो. मोबाईलचा उजेड पसरतो, लांब जात नाही, आणि पाटात पडला तर उजेडही गेला आणि फोन करायची सोयही गेली. तिसरे म्हणतील, पन्नास रुपयांत काय अपेक्षा करता? पन्नास रुपयांत पन्नास रुपयांचा माल द्या, तक्रार नाही. त्यावर लाख तास छापू नका.

म्हणून सांगतो, घेताना आणि घेतल्यावर एवढं करा.

1) खोक्यावर बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता आणि एमआरपी नसेल तर घेऊ नका. हे छापणं 2011 च्या वजनमापाच्या नियमांनी सक्तीचं आहे.

2) सेल बदलता येणारी घ्या. सेल गेला की अख्खी बॅटरी फेकायची, हा धंदा आपल्या पैशावर चालतो.

3) पांढऱ्याफेक उजेडापेक्षा पिवळसर उजेडाची मिळाली तर ती बघा.

4) घरी तपासा. मोबाईलवर उजेड मोजायचं फुकट ॲप मिळतं. अंधाऱ्या खोलीत एक मीटरवरनं आकडा घ्या. तशीच चालू ठेवा आणि 10, 30, 60 मिनिटांनी परत घ्या. तासाभरात निम्म्याच्या खाली गेली तर ती कुलूप उघडायला ठेवा, उसात नेऊ नका.

5) दारं धरायला मोठी बॅटरी, पायात गमबूट, हातात काठी. जुडग्याची बारकी फक्त मोठी बंद पडली तर बांधावर यायला.

कृषी विद्यापीठातल्या आणि खात्यातल्या साहेबांनाही विनंती. ठिबकची नळी, पंप, फवारा सगळं तुम्ही तपासता. रात्रीच्या पाण्याचं वेळापत्रक देताना हातातल्या उजेडाचंही दोन ओळीत लिहा. आणि बनवणाऱ्यांकडून एकच मागा. सुरुवातीचा उजेड किती आणि एक तासानं किती, हे दोन आकडे खोक्यावर छापा. लाख तासांचा आम्हाला उपयोग नाही. आम्हाला पाणी पाजून घरी येईपर्यंतचे तीन तास पाहिजेत.

सातारा-सांगलीतल्या मंडळींनी आज रात्रीच मोजून बघा आणि आकडे कळवा. किंमत आणि चारही आकडे द्या, मी एकत्र करून टाकतो.