चीक, लस आणि समीक्षेचे सोवळे

मराठी समीक्षेची मदार ज्या शब्दावर आहे तो 'रस' हा शब्द मुळात झाडातून आणि देहातून निघणाऱ्या द्रव्याचा आहे, याचा तिला सोयीस्कर विसर पडलेला दिसतो. उसाचा, फळाचा, मुळीचा तो रस. आयुर्वेदात सप्तधातूंपैकी पहिला धातू. मधुसूदन सरस्वतींनी 'भक्तिरसायना'त चित्ताला लाखेची उपमा दिली : उष्णतेने द्रवणारे, ठसा धरून पुन्हा कठीण होणारे. आणि लाख म्हणजे तरी काय? पळसाच्या, बोरीच्या फांदीवर बसलेल्या किड्याने अंगातून बाहेर टाकलेली राळ. त्या राळेच्या दृष्टान्ताने ज्या परंपरेला भक्तीची मीमांसा करता आली, तिचाच वारसा सांगणारी समीक्षा 'शेंबूड', 'लाळ', 'पू' हे शब्द कवितेत दिसताच नाकाला पदर लावते.

या नावडीला शास्त्राधार असल्याचा आव आणला जातो. अश्लीलत्वाचे व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल हे तीन प्रकार तोंडपाठ असतात. परंतु वैराग्यपर कथनात जुगुप्साव्यंजक शब्द गुणही ठरू शकतो हे मम्मटानेच सांगून ठेवले आहे, आणि ते मात्र कोणी उद्धृत करीत नाही. दोष संदर्भाचा असतो. शब्दाला जन्मतः चिकटलेला नसतो.

जुन्या कोशकारांना हे कळत होते. मोल्सवर्थच्या कोशात (1831, वाढीव आवृत्ती 1857) किंवा दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त (1932–38) हे शब्द इतर शब्दांच्या पंक्तीला बसतात. मोल्सवर्थचा कोश मुंबई इलाख्याचा. फुलंब्री त्या काळी निजामाच्या राज्यात होती आणि 1948 पर्यंत तेथेच राहिली. तरीही कोशातला 'चीक' फुलंब्रीच्या शिवारात परका नाही. रुईचा चीक, उंबराचा चीक. गाय व्याल्यानंतरचे पहिले दाट दूध, ज्याचा खरवस होतो, तोही चीक. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून काढतात तो चीक. आणि कणसात दाणा भरू लागला की ज्वारी चिकात आली. पानावर माव्याने टाकलेला गोडसर द्रव तो चिकटा. झाड, गाय, धान्य आणि बाईच्या हातचा पाटा यांना एका शब्दात आणणारी ही कल्पकता कोणा कवीची नाही, आणि म्हणूनच बहुधा ती समीक्षेच्या नोंदवहीत येत नाही.

देहाच्या बाबतीत भाषा याच्या उलट वागते. तेथे ती एकत्र न आणता वेगळे करते : लाळ निराळी, थुंकी निराळी, बेडका निराळा; डोळ्यातले चिपड, जखमेतली लस, पिकल्यावरचा पू, पोटातली आव. प्रत्येक शब्दात दाटपणा, जागा आणि प्रकृतीचे मान आहे. या सर्वांवर 'स्राव' हे एकच धुतवस्त्र पांघरणारी परिभाषा शास्त्रीय म्हणवते. प्रत्यक्षात ती वैद्याला लागणारी माहितीच पुसून टाकते. 'निर्यास' म्हटल्याने डिंक कोणता आणि राळ कोणती हे कळत नाही. पाण्यात विरघळतो तो डिंक, न विरघळणारी ती राळ, एवढे लाकूडतोड्यालाही ठाऊक असते.

'लस' या शब्दाचे भाग्य पाहावे. फोडातून झिरपणारे पातळ पाणी, हा त्याचा घरगुती अर्थ. 14 जून 1802 रोजी मुंबईत एका लहान मुलीला गोस्तन देवीचे द्रव्य टोचण्यात आले, आणि पुढे एका मुलाच्या दंडावरील फोडातली लस दुसऱ्याच्या दंडात अशी ती प्रवास करीत राहिली. 2021 मध्ये हाच शब्द सरकारी फलकांवर झळकला तेव्हा तो ग्राम्य आहे अशी तक्रार कोणी केल्याचे स्मरत नाही. सत्तेच्या तोंडी आला की शब्दाचा विटाळ फिटतो!

मर्ढेकरांच्या 'काही कविता' (1947) वर अश्लीलतेचा खटला झाला; नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने (1972) तर सोवळ्याची पंचाईतच करून टाकली. परंतु त्यानंतर उलट्या बाजूने तितकीच आळशी समीक्षा सुरू झाली. लाळ आणि पू दिसले की 'विद्रोह' असा शिक्का मारायचा, आणि शब्दाच्या कामाकडे पाहायचेच नाही. शिसारी आणणारा आणि शिसारीचे कौतुक करणारा, दोघांचेही हात कोरडेच. ज्या घरात गोठा आणि बाळंतिणीची खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तेथे 'चीक' आणि 'पान्हा' हे शब्द कोणाला दचकवीत नाहीत. पहिले दूध आले की नाही, एवढेच तेथे विचारले जाते.