उल्लेखांची मोजदाद

विद्वानाची योग्यता मोजावी कशी, हा प्रश्न जुनाच आहे. पूर्वीं सभा भरत, वाद होत, आणि शाल कोणाच्या खांद्यावर पडली एवढ्यावरून गांवकरी आपलें मत बनवीत. हल्लीं विज्ञानाच्या प्रांतांत शालीच्या जागीं एक आंकडा आला आहे. एखाद्या शास्त्रज्ञाच्या निबंधांचा आधार इतरांनीं किती वेळां नांवानिशीं घेतला, याची मोजणी होते, व तिजवरून त्याचा मान ठरतो. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें यूजीन गारफील्ड या गृहस्थांनीं १९६४ सालीं अशा उल्लेखांची मोठी सूचि प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पुढें २००५ सालीं हर्श नांवाच्या पदार्थविज्ञानवेत्त्यानें त्यांतून एक सुटसुटीत अंक काढण्याची युक्ति सुचविली: ज्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकीं निदान दहा वेळां उल्लेख झाला, त्याचा अंक दहा, पन्नासांचा पन्नास वेळां झाला, तर पन्नास. ज्या घरांतील मुलगा किंवा सून संशोधन करते, तेथें हा अंक पगाराइतकाच ठाऊक असतो. आमच्या एका पुतण्याच्या पत्रांत तर कुशलप्रश्नाच्या पाठोपाठ तोच येतो!

या मोजदादीचें खरें वजन किती, हें एका प्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या चरित्रावरून पाहूं. विषय एड्स रोगाच्या विषाणूचा आहे. या रोगाचें नांव चार माणसांत काढण्यास आपल्याकडे अद्याप लोक कचरतात. आम्हांस तो संकोच अस्थानीं वाटतो. रोग्यास लाजविल्यानें कोणताही रोग हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

रॉबर्ट गॅलो यांचा जन्म १९३७ सालीं अमेरिकेंतील वॉटरबरी गांवीं झाला. धाकटी बहीण रक्ताच्या कर्करोगानें लहानपणींच दगावली, तें दुःख मनांत धरून ते वैद्यकाकडे वळले व १९६५ सालीं बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत दाखल झाले. मनुष्याचा कर्करोग एखाद्या विषाणूपासून होत असावा, हा त्यांचा ध्यास. १९७५ सालीं तसा विषाणु सांपडल्याचें त्यांनीं जाहीर केलें, आणि तो माकडांच्या विषाणूंची भेसळ निघाला! दुसरा कोणी खचला असता. पण पुढच्याच वर्षीं त्यांच्या प्रयोगशाळेंत एक द्रव्य हातीं आलें, ज्याच्या योगें रक्तांतील ‘टी’ नामक पांढऱ्या पेशी शरीराबाहेर कांचपात्रांत वाढवितां येऊं लागल्या. या द्रव्यावांचून पुढचें कांहींच झालें नसतें. १९८० सालीं गॅलोंनीं मनुष्यांत रक्ताचा कर्करोग उत्पन्न करणारा त्या जातीचा पहिला विषाणु खरोखरच दाखविला.

इतक्यांत एड्स अवतरला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत १९८३ च्या आरंभीं एका रोग्याच्या गांठीचा तुकडा आला, आणि फ्रांस्वाज बारे-सिनूसी या विदुषींनीं त्यांत नवा विषाणु ओळखला. मे महिन्यांत ‘सायन्स’ नियतकालिकांत तो निबंध छापला गेला. त्याच वर्षीं पॅरिसहून विषाणूचे नमुने गॅलोंकडे गेले. १९८४ च्या एप्रिलांत मंत्री मार्गारेट हेकलर यांनीं अमेरिकेनें एड्सचें कारण शोधल्याचें सांगितलें व सुमारें दोन वर्षांत लस प्रयोगास तयार होईल अशी आशा दाखविली. (ती सिद्ध लस अजून यावयाची आहे.) मे महिन्यांत गॅलोंचे चार निबंध एकदम निघाले. हाच विषाणु रोगाचें कारण होय, याचा भक्कम पुरावा त्यांत होता; विषाणु मुबलक वाढविण्याची रीत होती; आणि तिच्या बळावर १९८५ सालीं रक्ताची चांचणी रुग्णालयांत पोंचली. त्या चांचणीनें किती माता, किती बालकें दूषित रक्तापासून वांचलीं असतील, हें कोणत्याही सूचींत मोजलें जात नाहीं.

मग भांडण जुंपलें. चांचणीच्या पेटंटावरून पाश्चर संस्था न्यायालयांत गेली, व १९८७ सालीं रेगन आणि शिराक या दोन राष्ट्रधुरीणांना मध्यें पडून तडजोड करावी लागली. १९९१ सालीं उघड झालें तें असें कीं, गॅलोंचा विषाणु वस्तुतः पॅरिसचाच होता. पॅरिसच्या पात्रांत एका रोग्याचा विषाणु दुसऱ्याच्या नमुन्यांत मिसळला होता, व तोच बेथेस्डाच्या पात्रांत शिरला. गॅलोंवर अप्रामाणिकपणाचा ठपका आला. १९९३ सालीं तो मागें घेण्यांत आला.

आतां आंकड्याकडे पहा. १९८० ते १९९० या अवधींत जगांतील सर्व शास्त्रज्ञांत सर्वाधिक उल्लेख झाले ते गॅलोंचे, असें गारफील्डांच्याच संस्थेच्या मोजणींत निघालें. परंतु २००८ सालीं या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें बारे-सिनूसी व त्यांचे विभागप्रमुख ल्यूक माँतान्ये यांस. तिसरा वांटेकरी हाराल्ड त्सूर हाउसेन हा निराळ्याच विषाणूचा शोधक. आणि तिघांहून अधिकांस तें देण्याचा नियम नाहीं.

कोणी म्हणेल, आंकडा खोटा ठरला. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्याच्या वाटेनें शेंकडों लोक चालले, त्याची नोंद आंकड्यानें खरीच केली. मात्र वाट प्रथम कोणी पाडली, हें त्यास विचारूंच नये. शिवाय आंकड्यास अनुमोदन व खंडन यांतील भेद कळत नाहीं. शंकराचार्यांनीं भाष्यांत सांख्यांचा उल्लेख वारंवार केला तो त्यांस खोडण्यासाठीं. आजची सूचि तो सारा सांख्यांच्या खात्यावर जमा करील! उलट पाणिनीनें शाकल्य, शाकटायन, गार्ग्य इत्यादि दहा पूर्वाचार्यांचा नांवानें निर्देश केला, तो बहुतेकांचा अगदीं थोड्या वेळां. पण वैयाकरणांस तेवढाच पुरेसा आदर वाटतो.

निकाल लागल्यावर माँतान्ये यांनीं, हा विषाणु रोगाचें कारण असल्याचें सिद्ध करण्यांत गॅलोंचा मोठा वांटा होता व त्यांच्याबद्दल आपणांस वाईट वाटतें, असें बोलून दाखविलें. जुन्या प्रतिस्पर्ध्याचा हा उद्गार आम्हांस फार मोलाचा वाटतो. मात्र १९८३ च्या त्या निबंधावर बारे-सिनूसींच्या खालोखाल दुसरें नांव आहे झां-क्लोद शेरमान यांचें. पारितोषिक त्यांसही मिळालें नाहीं; आणि त्या निबंधाचा आधार घेणारे लेखक पहिलें नांव लिहून पुढें ‘व इतर’ असें घालतात, त्या दोन शब्दांत ते राहतात.