त्या चाळीस हजारांचे काय?

ई. एल. जेम्स या ब्रिटिश लेखिकेच्या ‘फिफ्टी शेड्स’ कादंबरीत्रयीवर आजवर जी टीका झाली, ती बहुतांशी भलत्याच दिशेने झाली आहे. २०११ आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या तीन पुस्तकांच्या २०१४ पर्यंत जगभर दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्या खपाने हादरलेल्या संस्कृतिरक्षकांनी अश्लीलतेचा गिल्ला केला, तर साहित्याचे जाणकार सुमार भाषेला नाके मुरडून मोकळे झाले. इंग्लंडच्या ईशान्य भागातील एका महिला-आश्रय संस्थेने तर २०१२ साली या पुस्तकांची होळी करण्याची हाक दिली. पुस्तके जाळण्याचे काम ज्यांना शोभते त्यांच्याकडेच ते राहू द्यावे. मात्र त्या संस्थेचा संताप समजण्याजोगा होता. पाळत ठेवणाऱ्या आणि हात उगारणाऱ्या पुरुषांच्या घरांतून बाहेर पडलेल्या बायकांना आसरा देणे हेच तिचे कार्य होते.

या कथेतील खरा आक्षेपार्ह भाग शयनगृहात नसून कचेरीत आहे. नायक ख्रिश्चन ग्रे हा सिएटलमधील सत्तावीस वर्षांचा अब्जाधीश. आपल्या पदरी चाळीस हजारांहून अधिक माणसे आहेत, असे तो पहिल्याच भेटीत नायिकेला ऐकवतो. त्याची कमाई तासाला सुमारे एक लाख डॉलर असल्याचेही पुढे कळते. हे लाख डॉलर कोणाच्या घामातून येतात? त्या चाळीस हजारांपैकी वाचकाला दिसतात ते शोफर, घर सांभाळणारी बाई, स्वागतकक्षातील मुली, आणि तेही हुकूम झेलण्यापुरते. उरलेल्यांचा पगार काय, त्यांचे मत काय, याचा पत्ता तिन्ही पुस्तकांत लागत नाही.

नायिका अॅनास्टेशिया स्टील ही हार्डवेअरच्या दुकानात काम करून शिकणारी मुलगी. ग्रे तिच्या फोनवरून ती कोठे आहे हे शोधून काढतो, तिची जुनी फोक्सवॅगन परस्पर विकायला लावतो आणि नवी ऑडी दारात उभी करतो. लॅपटॉप त्याचा, फोनही त्याचाच. पदवीनंतर ती एका छोट्या प्रकाशनसंस्थेत नोकरीला लागते, तर हा गृहस्थ ती संस्थाच विकत घेतो! तेथील वरिष्ठ तिच्या अंगचटीला येतो तेव्हा ना तक्रार समिती, ना संघटना, ना कायदा. मालक त्याला हाकलतो आणि त्याची जागा तिला मिळते. एका धन्यापासून सुटका करून घ्यायची तर त्याहून मोठा धनी गाठावा, हाच या प्रेमकथेचा बोध.

टीकाकारांनी ज्या शयनगृहातील करारावर एवढी शाई खर्ची घातली, त्याची कलमे नायिका निदान वाचते, त्यांवर हुज्जत घालते आणि अखेरपर्यंत त्यावर सही करीत नाही. कंपनीच्या खरेदीखतासाठी मात्र तिची संमती कोणी विचारलीच नाही.

वाचक स्त्रियांची टवाळी करण्यात पुरोगामी म्हणवणारेही मागे नव्हते. दिवसभर नोकरी आणि परतल्यावर चूल सांभाळणाऱ्या बाईला भाडे, कर्ज आणि साहेब या तिन्ही काळज्या कोणी एकदम उचलून घ्याव्यात असे वाटले, तर त्यात हसण्यासारखे काय आहे? पहिले पुस्तक आले त्या २०११ साली अमेरिकेत बेकारी नऊ टक्क्यांच्या आसपास होती, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वॉल स्ट्रीटजवळच्या झुकोटी पार्कात तरुणांनी ठाण मांडले होते. मागणी रास्त होती. बाजाराने तिला उत्तर म्हणून एक राजपुत्र पुरवला, इतकेच. कार्यकर्त्यांनी त्या वाचकाशी बोलावयाचे ते तिच्या थकव्याविषयी बोलावे, तिच्या अभिरुचीविषयी नव्हे.

या मजकुराचा जन्मही बोलका आहे. स्टेफनी मेयरच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेतील पात्रे घेऊन, चाहत्यांनी चाहत्यांसाठी फुकट लिहिलेल्या लेखनात तो प्रथम अवतरला. पुढे नावे बदलली, फुकटची आवृत्ती काढून घेतली गेली आणि सामाईक कुरणाला कुंपण पडले. २०१२ च्या अखेरीस अमेरिकेतील रँडम हाउसने आपल्या कर्मचाऱ्यांना प्रत्येकी पाच हजार डॉलर बोनस दिला, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. संपत्तीचे थोडेफार वाटप या कादंबरीने घडवले ते हेच, आणि तेही धन्याच्या मर्जीने. भारतातील कामगारांनी बोनस हा हक्क म्हणून १९६५ च्या कायद्यात लिहून घेतला होता.

प्रेमाराधनाच्या आरंभी ग्रे नायिकेला एक भेट पाठवतो: टॉमस हार्डीच्या ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ची पहिली आवृत्ती. १८९१ सालच्या त्या कादंबरीत एका गरीब घरच्या मुलीला धनवान तरुण नासवतो, त्याच्याच पैशाच्या आधाराला तिला पुन्हा जावे लागते आणि शेवटी ती फासावर चढते. भेटीची किंमत कळताच अॅनास्टेशिया बावरते. आत काय लिहिले आहे हे तिला ठाऊक असणारच. ती इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी आहे.