कंबर राहू दे, पाय काय म्हणतोय?

घोडबंदर रोडवर फ्लॅट घेतला की बाल्कनीतून येऊरचे डोंगर मिळतात आणि त्यावर कंबरदुखी फ्री! कासारवडवलीहून कापूरबावडी गाठेपर्यंत क्लचवरचा पाय निघत नाही. पावसाळ्यात बाइकवर असाल, तर प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जाणवतो. त्यामुळे आमच्या लिफ्टमध्ये अधूनमधून कुणीतरी सांगतंच, "स्लिप डिस्क झालीय यार!"

खरं तर डिस्क घसरत-बिसरत नाही. दोन मणक्यांमधली ही गादी. बाहेर चिवट कडं, आत जेलीसारखा गर. कडं फाटलं की गर बाहेर येतो आणि शेजारची नस डिवचतो. कमरेत हे बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या दोन गाद्यांमध्ये होतं.

म्हणूनच खूण पायात शोधायची. नुसती कंबर धरली, तर बऱ्याचदा ते स्नायूंचं दुखणं असतं. पण कळ कुल्ल्यातून गुडघ्याखाली उतरली, पावलाला मुंग्या आल्या, शिंकताना करंट बसला, तर डिस्कचा संशय घ्या.

माझा दादा मानपाड्याला राहतो. मध्यंतरी चालताना त्याच्या उजव्या पायातली चप्पल निसटायला लागली. आई म्हणाली, "नवी घे." वहिनीने मात्र त्याला टाचांवर चालायला लावलं. उजवा चवडा उचललाच जाईना! त्याच संध्याकाळी तिने त्याला डॉक्टरकडे नेलं. नस दबली होती. आठवडाभरात ऑपरेशन झालं. चवड्यात ताकद यायला मात्र पुढे काही महिने लागले.

सगळ्यांवर ही वेळ येत नाही. बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय आराम पडतो. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं. आणि रिपोर्टमधल्या 'बल्ज' या शब्दाने हादरू नका. १९९४ मध्ये अमेरिकेत पाठ न दुखणाऱ्या ९८ जणांचा एमआरआय काढला, तर निम्म्याहून जास्त जणांना बल्ज निघाला!

तोवर एवढं करा :

* बेडरेस्ट फार तर एक-दोन दिवस. मग घरातल्या घरात चालायला लागा.
* सलग बसू नका. दर अर्ध्या तासाने उठा, मीटिंग असली तरी.
* सिलिंडर, पाण्याचा जार वाकून उचलणं बंद.
* पेनकिलर डॉक्टरांना विचारून, व्यायाम फिजिओकडून शिकून. मणका 'बसवून' देणाऱ्यांना लांबूनच नमस्कार!

चवडा उचलेनासा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि लघवी अडली किंवा नकळत झाली, बाइकच्या सीटला टेकणारा भाग बधिर झाला, दोन्ही पायांतली ताकद गेली, तर ही इमर्जन्सी आहे. उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं. रात्रीचे दोन वाजलेले असोत, थेट मोठं हॉस्पिटल गाठा. सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका.