मनाच्या जखमेला फिर्यादीची अट कशासाठी?

बालकावरील लैंगिक अत्याचाराची बातमी आली की समाजाचा संताप उसळतो. मोर्चे निघतात, आरोपीला फाशी द्या अशा घोषणा होतात, मंत्रिमहोदय जलदगती न्यायालयाचे आश्वासन देतात आणि काही दिवसांनी सारे शांत होते. ज्या मुलावर वा मुलीवर तो प्रसंग ओढवला, त्यांच्या उडालेल्या झोपेचे, अर्धवट सुटलेल्या शाळेचे, माणसांवरून उठलेल्या विश्वासाचे पुढे काय झाले, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. परंतु तेवढ्याने मुलाची जखम भरून येत नाही. तिच्यासाठी प्रशिक्षित माणसाने धीराने, दीर्घकाळ केलेले समुपदेशन लागते. ते आज कोणाला मिळते आणि कोणाला नाही, हा दयाबुद्धीचा नव्हे, तर विषमतेचा प्रश्न आहे.

प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाराष्ट्र व गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. आणि बहुसंख्य मुलांनी घडलेले कोणालाही सांगितले नव्हते. ती मुले आज संसाराला लागलेले स्त्रीपुरुष आहेत. मौन मात्र त्यांच्याबरोबरच वयाने वाढले आहे.

नोव्हेंबर २०१२ मध्ये अमलात आलेल्या ‘पोक्सो’ कायद्याने बालकांना मोठे संरक्षण दिले, हे निर्विवाद. त्याखालील २०२० च्या नियमांनी तपासाच्या व खटल्याच्या काळात मुलाला ‘साहाय्यक व्यक्ती’ देण्याची तरतूद केली. महाराष्ट्रात २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजना आहे. तीत अर्थसाहाय्याबरोबर समुपदेशनाचेही अभिवचन आहे. परंतु या साऱ्या मदतीची वाट पोलीस ठाण्यातून जाते. गुन्हा नोंदला गेला तर मदत. खटला संपला की साहाय्यक व्यक्तीचे कामही संपले. शिवाय कागदावरची ही तरतूद तरी कितपत पाळली जाते? कायद्याला अकरा वर्षे होत आली असता, ऑगस्ट २०२३ मध्ये, साहाय्यक व्यक्तींच्या नेमणुकीसाठी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले.

याच कायद्याच्या १९ व्या कलमानुसार अशा गुन्ह्याची माहिती मिळणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. शाळांनी, वसतिगृहांनी आणि प्रतिष्ठित कुटुंबांनी असली प्रकरणे वर्षानुवर्षे दडपली, म्हणून हे बंधन आले, हे विसरून चालणार नाही. ते रद्द करा, असे म्हणणे सोपे आणि चुकीचे ठरेल. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अत्याचार करणारा सख्खा काका असेल आणि त्याच्याच कमाईवर घर चालत असेल, तर समुपदेशकापुढे तोंड उघडणे म्हणजे घरात पोलीस आणणे, एवढेच त्या मुलीला कळते. आणि ती गप्प बसते. बंधन ठेवायचे तर त्या मुलीच्या निवाऱ्याची, शिक्षणाची आणि घराच्या पोटापाण्याची सोय आधी उभी करावयास हवी. ती न करता केवळ बंधन घालणे म्हणजे राज्यसंस्थेने आपली जबाबदारी दुबळ्या मुलाच्या खांद्यावर टाकणे होय.

ज्यांच्यापाशी पैसा आहे ते पुण्या-मुंबईत खाजगी समुपदेशकाकडे जातात. तेथे एका भेटीचे शुल्क अनेकदा हजार रुपयांच्या पुढे असते. म्हणजे शेतमजुराची तीन-चार दिवसांची मजुरी! अशा भेटी एक-दोन नव्हे, कित्येक महिने घ्याव्या लागतात. ऊसतोडणी कामगाराच्या मुलीने अथवा आश्रमशाळेतील मुलाने कोठे जावे? सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनीसेवा सुरू केली, ते स्वागतार्ह आहे. पण ज्या घरात एकच फोन आहे आणि तोही बापाच्या खिशात, तेथे तिचा उपयोग किती?

वास्तविक मागणी करण्यासाठी नवा कायदाही नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या १८ व्या कलमाने सरकारी मानसिक आरोग्यसेवा मिळविण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. त्यात बालकांसाठीच्या सेवांचा उल्लेख आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्यापाशी कार्ड असो वा नसो, उपचार विनामूल्य आहेत. एवढेच नव्हे, तर जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल तर जिल्ह्यातील अन्य ठिकाणच्या उपचारांचा खर्च शासनाने सोसावा, असेही तेच कलम सांगते. किती जिल्ह्यांत, किती जणांनी हा खर्च मागितला?

माणसे कोठून आणावयाची, हा आक्षेप नेहमीचा आहे. त्याला मुंबईने उत्तर दिले आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. ते घरातील हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी होते. रुग्णालयातल्याच कर्मचाऱ्यांना तेथे प्रशिक्षण दिले गेले. केसपेपर काढून दवाखान्यात येणाऱ्या बाईला फिर्याद न करताही बोलता येऊ लागले. पुढे हे काम महापालिकेच्या इतर रुग्णालयांत पोहोचले. जे वांद्र्यात झाले ते तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात का होऊ नये?

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, तेव्हा दाराशी आलेल्या विधवेला ‘आधी गुन्हेगाराचे नाव सांग’ असे विचारले नाही. आधी आसरा, मग बाकीचे, ही त्यांची रीत होती. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कायम नेमणुकीचा प्रशिक्षित समुपदेशक, वयाची व फिर्यादीची अट नसलेली विनामूल्य सेवा, आणि आश्रमशाळा-वसतिगृहांत त्याची नियमित फेरी, या तीन मागण्या जिल्ह्याजिल्ह्यातून उठल्या पाहिजेत. कार्यकर्त्यांनी स्वतः समुपदेशक होण्याचा मोह टाळावा. ते शिकून करावयाचे काम आहे. त्यांनी आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन एवढेच विचारावे, की लहानपणी अत्याचार सोसलेले माणूस उद्या येथे आले तर त्याच्याशी कोण बोलेल? उत्तर मिळाले नाही, तर लढ्याची सुरुवात तेथूनच करावी.