कालवांचा मारेकरी आणि त्याचे खरे नाव

गेल्या शतकाच्या चाळिशीत अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर कालवे मोठ्या संख्येने मरू लागली, तेव्हा संशय थेट तेलकंपन्यांवर गेला. मेक्सिकोच्या आखातात नवनव्या तेलविहिरी खोदल्या जात होत्या, त्यामुळे तो स्वाभाविकच होता. कालवांची शेती करणारे न्यायालयात गेले आणि कंपन्यांनी आपल्या बचावासाठी संशोधनाला पैसे पुरवले. त्या संशोधनातून एक एकपेशीय परजीवी सापडला. मॅकिन, ओवेन आणि कोलियर यांनी १९५० मध्ये त्याला बुरशी समजून ‘डर्मोसिस्टिडियम मरिनम’ असे नाव दिले. कालवांच्या या रोगाला तिकडचे शेतकरी आजही ‘डर्मो’च म्हणतात. परजीवीचे शास्त्रीय नाव मात्र तेव्हापासून दोनदा बदलले आहे.

१९६६ मध्ये तो बुरशीसदृश जीवांच्या दुसऱ्या एका गटात गेला. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पोहणाऱ्या बीजाणूंच्या टोकाशी हिवतापाच्या परजीवीसारखी रचना दिसली आणि १९७८ मध्ये ‘पर्किन्सस मरिनस’ या नव्या नावाने तो हिवतापाच्या गोतावळ्यात दाखल झाला. तेथेही तो टिकला नाही. नव्वदच्या दशकात त्याच्या रायबोसोमशी संबंधित आणि अन्य जनुकांचे क्रम वाचले गेले, तेव्हा तो डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांना अधिक जवळचा असल्याचे दिसले. कोकणच्या किनाऱ्यावर रात्री निळ्या प्रकाशाने लाटा उजळवणारा नॉक्टिल्युका याच डायनोफ्लॅजेलेटांपैकी. हिवतापाचा परजीवी हादेखील या कुळाचा दूरचा चुलतभाऊच. त्याच्या पेशीत आजही हरितलवकाचा एक अवशेष असतो. सिडनीजवळच्या प्रवाळांत सापडलेला आणि २००८ मध्ये नोंदवला गेलेला क्रोमेरा हा त्याचा नातेवाईक तर अजूनही सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतो.

नाव बदलल्याने मेलेले कालव जिवंत होत नाही, मग हा खटाटोप कशाला, असे कुणी विचारेल. उत्तर रोगनिदानात आहे. १९५२ पासून वापरली जाणारी रे यांची चाचणी सोपी आणि स्वस्त आहे. कालवाचा तुकडा थायोग्लायकोलेटच्या द्रवात काही दिवस ठेवायचा आणि मग त्यावर आयोडीन टाकायचे. परजीवीच्या फुगलेल्या पेशी निळ्या-काळ्या दिसतात. पण या चाचणीत पर्किन्ससच्या सगळ्याच जाती सारख्या दिसतात. त्यांतील मरिनस आणि ओल्सेनी या दोन जाती जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीत आहेत, बाकीच्या नाहीत. म्हणजे कोणत्या मालावर निर्बंध यायचे आणि कोणता सोडायचा हे जातीच्या नावावर ठरते. उलटा घोळही झाला आहे. ऑस्ट्रेलियात अॅबलोन या गोगलगायीत सापडलेली ओल्सेनी आणि पोर्तुगालमधल्या शिंपल्यांत सापडलेली अटलांटिकस या दोन वेगळ्या जाती मानल्या जात. डीएनएने त्या एकच ठरवल्या. परजीवीने निम्मे जग आधीच पार केले होते, कागदावर मात्र तो दोन किनाऱ्यांवरचा दोन निराळा स्थानिक रहिवासी होता.

याहून बोलके उदाहरण एमएसएक्सचे आहे. १९५७ मध्ये डेलावेअर उपसागरातील कालवे या रोगाने मेली आणि दोन वर्षांत तो चेसापीक उपसागरात पोहोचला. मारेकऱ्याची ओळखच नसल्याने नावात ‘एक्स’ हे अक्षर आले. हाच हॅप्लोस्पोरिडियम नेल्सोनी प्रशांत महासागरातील कालवांमध्येही आहे, हे जनुकीय क्रम जुळवून २००० मध्ये दाखवण्यात आले. तो आशियातून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आला, या तर्काला त्यातून भक्कम आधार मिळाला. २०२४ मध्ये तो कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरील कालवांत सापडला. तरीही एका कालवातून दुसऱ्यात तो नेमका कसा जातो, हे इतक्या दशकांनंतरही उलगडलेले नाही. क्रम वाचून नाते कळते, दिनक्रम कळत नाही.

पीसीआर चाचणीवर आंधळा विश्वास ठेवता येत नाही तो याचमुळे. कालव दिवसभर पाणी गाळत असते. त्याच्या पोटात आलेल्या, पण त्याला बाधा न करणाऱ्या परजीवीचा डीएनएही चाचणीत दिसू शकतो. खरा संसर्ग आहे की नाही हे ठरवायला ऊतींचा काप घेऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावावाच लागतो. तो वाचता येणारे लोक हवेत आणि ते घडायला वर्षे लागतात. यंत्र मात्र एका निविदेत येते, म्हणून संस्थांचा कल यंत्राकडे असतो.

भारताला हा विषय परका नाही. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील मोत्यांच्या शिंपल्यांत, समुद्रातल्या आणि शेतीतल्याही, पर्किन्सस ओल्सेनी असल्याचे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये नोंदवले. माणसाला या परजीवीमुळे आजार होत असल्याचे आढळलेले नाही. कालवे कच्ची खाणाऱ्याने भीती बाळगायची ती व्हिब्रिओ जिवाणूंची आणि सांडपाण्यातून येणाऱ्या विषाणूंची. प्रश्न आहे तो पोट भरण्याचा. महाराष्ट्रात कांदळवन कक्षाच्या उपजीविका योजनेतून खाडीकाठच्या बचत गटांना कालवपालन शिकवले गेले आहे. अशा ठिकाणी बीज कमी पडले की ते दुसऱ्या खाडीतून, उद्या दुसऱ्या राज्यातून आणण्याचा मोह होणारच. डर्मो किंवा एमएसएक्स झालेल्या कालवांवर समुद्रात औषध करता येत नाही. तेव्हा बीज हलवण्यापूर्वीच त्याचे नमुने डीएनए आणि ऊतींचा काप या दोन्ही कसोट्यांवर तपासण्याची सक्ती हवी, त्याचा खर्च गटांवर न टाकता मत्स्यव्यवसाय विभागाने उचलायला हवा आणि आपल्या किनाऱ्यावरच्या परजीवींचे क्रम, जतन केलेल्या नमुन्यांसह, एका जागी नोंदले जायला हवेत.