संध्याकाळी सातचा प्रश्न
व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतलेल्या माणसाला गोळ्या वेळेवर देता येतात. संध्याकाळचे सात वाजले की करायचे काय, याचे उत्तर गोळीत नसते. नाका तोच, मित्रही तेच. पुण्यात १९८६ साली पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे करणाऱ्या अवचट दांपत्यापैकी अनिल अवचट स्वतः बासरी वाजवत, ओरिगामीत रमत. रिकाम्या हातांना काम लागते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

बासरी असो वा भजन, गाणे म्हणजे उपचार नव्हे. दारू एकदम तोडली की काहींना झटके येतात, भास होतात. तिथे डॉक्टरच हवा. पण पुढच्या महिन्यांत गावचे भजनी मंडळ कामी येऊ शकते. थरथरत्या हातातला टाळ चुकला तर पखवाजवाला सांभाळून घेतो, आणि माणूस दोन दिवस दिसला नाही तर कुणीतरी दारात येऊन हाक मारतो.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने अशा मंडळांशी रीतसर संधान बांधावे. रुग्णाची तयारी असेल तर औषधांच्या चिठ्ठीसोबत मंडळाचा पत्ताही द्यावा. आणि भजनासाठी समाजमंदिराची किल्ली संध्याकाळी कुणाकडे असेल, एवढे तरी ग्रामपंचायतीने ठरवावे.